पूर ओसरलेल्या गावात पहिल्यांदा जाताना: नव्या स्वयंसेवकासाठी मार्गदर्शन

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी चिपळूण शहरात चढत गेले आणि बाजारपेठेतील दुकानांचे तळमजले त्याखाली बुडाले. पाणी उतरले तेव्हा घराघरांत मागे राहिला तो डोंगरउतारावरून वाहून आलेला तांबडा, चिकट गाळ. पुढच्या काही दिवसांत ठिकठिकाणचे तरुण खोरी आणि घमेली घेऊन तेथे पोहोचले. त्यांपैकी बहुतेकांना अशा कामाचा काहीही अनुभव नव्हता. अशा वेळी जाणाऱ्या माणसाच्या मनात दोन इच्छा एकत्र असतात: आपण कोणाच्या तरी उपयोगी पडावे ही एक, आणि त्यातून आपल्यालाही जगण्याची काही उमेद मिळावी ही दुसरी. दुसरी इच्छा लपवण्यासारखी मुळीच नाही. परंतु ती पहिल्या इच्छेच्या पाठीमागून चालली तरच पुरी होते, असे मला या कामात वारंवार दिसले आहे. म्हणून या लेखात आधी कामाची पद्धत सांगितली आहे आणि उमेदीविषयी नंतर लिहिले आहे. विवेचन मुख्यतः कोकणातील पुराचे आहे. दीर्घकाळ चाललेल्या पुनर्वसनासाठी १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा दाखला घेतला आहे.

निघण्यापूर्वी

पहिले दोन-तीन दिवस प्रशिक्षित बचाव पथकांचे असतात. पाणी पूर्ण उतरलेले नसताना, रस्ते खचलेले असताना आणि दरडींचा धोका कायम असताना नवख्या माणसाने तेथे जाऊ नये. गावात पिण्याचे पाणी, कोरडी जागा आणि शौचालये अपुरी असतात, आणि तयारीविना आलेला प्रत्येक पाहुणा त्या तुटपुंज्या साधनांतला वाटेकरी होतो. तेव्हा आधी फोन करावा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक असतोच, पण त्याहून उपयुक्त माहिती स्थानिक मंडळ, शाळा, वाचनालय किंवा महिला बचत गट यांच्याकडून मिळते. त्यांना सरळ विचारावे: कोणत्या वाडीत अजून कोणीच पोहोचलेले नाही, तेथे किती माणसे लागतील आणि आमच्या राहण्याचा भार कोणावर पडेल? या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर दोन दिवस थांबणे अधिक शहाणपणाचे ठरते.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे टाळू नये. चिखलात खिळे, पत्रे आणि काचा दडलेल्या असतात, त्यामुळे धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असले पाहिजे. उंदीर व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो पायावरच्या साध्या ओरखड्यातूनही शरीरात शिरतो. त्यावरील प्रतिबंधक गोळ्या कोणी घ्याव्यात आणि कोणी घेऊ नयेत हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. परतल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत ताप, डोळ्यांची लाली किंवा पोटऱ्यांत तीव्र वेदना जाणवल्यास आपण पुराच्या पाण्यात काम केले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण ही एक गोष्ट कळल्याने निदान लवकर होते.

सामानात गुडघ्यापर्यंतचे गमबूट, रबरी हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे दोन सदरे, रेनकोट आणि बॅटरी असावी. वीज आणि नेटवर्क नसल्याने मोबाइलवरून पैसे देता येतीलच असे नाही. सुटे पैसे बरोबर घ्यावेत. स्वतःचे पाणी आणि दोन दिवस टिकेल असे खाणे, म्हणजे दशम्या, चटणी, लाडू, सोबत ठेवावे. जुने कपडे मात्र नेऊ नयेत. प्रत्येक आपत्तीनंतर त्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडतात आणि ते उचलण्याचे कामही अखेर गावालाच करावे लागते. काही द्यायचेच असेल तर नवी अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड, सतरंजी, स्टोव्ह, बादली आणि झाकणाचे पिंप द्यावे. तेही मागणी विचारून.

पहिल्या सकाळी

घरात शिरण्यापूर्वी घरमालकाला विचारण्याचा पहिला प्रश्न म्हणजे पंचनामा झाला आहे का. नुकसानभरपाईसाठी तलाठी किंवा अन्य कर्मचारी येऊन नोंद करतात आणि विमा असेल तर कंपनीचा सर्वेक्षकही येतो. उत्साहाच्या भरात त्याआधीच सगळे बाहेर फेकले तर त्या कुटुंबाचा पुरावा आपल्याच हाताने नाहीसा होतो. पंचनामा लांबत असेल आणि घाण तशीच ठेवणे शक्य नसेल तर भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक खोली, फ्रिज व शिलाई यंत्रासारख्या वस्तू आणि दुकानातील माल यांची छायाचित्रे घरातील माणसाच्या फोनवर घ्यावीत. स्वतःच्या फोनवर घेतलेले छायाचित्र तुमच्याबरोबर गावाबाहेर जाते आणि गरजेच्या दिवशी त्यांच्या हाती नसते.

त्यानंतर विजेचा मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी. भिंतीतील वायरिंग भिजलेले असते, म्हणून जाणकाराने तपासल्याशिवाय एकही बटण दाबू नये; इन्व्हर्टरच्या बॅटरीकडेही लक्ष असावे. गॅसचा वास आला तर काम थांबवून दारे-खिडक्या उघडाव्यात. पुराबरोबर साप घरात येतात आणि कोरड्या कोपऱ्यात, पत्र्याखाली किंवा गाद्यांच्या घड्यांत बसतात. कोकणात फुरसे, घोणस आणि मण्यार हे तिन्ही विषारी साप आढळतात, त्यामुळे हात घालण्यापूर्वी काठीने वस्तू हलवून पाहण्याची सवय पहिल्या तासापासून लावून घ्यावी. दंश झाल्यास वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गटाचा प्रमुख शक्यतो त्याच आळीतला माणूस असावा. बाहेरून आलेल्यांत कितीही अनुभवी कार्यकर्ता असला तरी कोणत्या घरात एकटी वृद्ध स्त्री राहते, कोणते गटार कोठे उघडते आणि कोणते दोन शेजारी एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्याला ठाऊक नसते.

गाळ काढणे

या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण नवखे लोक सर्वाधिक चुका येथेच करतात आणि नंतर मनाने खचतातही येथेच.

गाळ ओला आहे तोवरच काढावा लागतो. उघडीप मिळाली की तो आकसतो, तडकतो आणि फरशीला असा धरून बसतो की मग खोऱ्याऐवजी पहार घ्यावी लागते. घरात शिरल्याबरोबर नळी लावून पाणी मारण्याचा मोह मात्र आवरावा. पाण्याने गाळ नाहीसा होत नाही, तो पुढे सरकून गटारात जातो. गटार तुंबले की शेजारच्या तीन घरांतून पाणी बाहेर पडायची वाट बंद होते, आणि कोकणात जुलैमध्ये पुढचा पाऊस रात्रीतही येऊ शकतो. म्हणून आधी खोऱ्याने गाळ ओढून घमेल्यांनी बाहेर न्यावा, उरलेला खराट्याने लोटावा आणि अगदी शेवटी पाणी मारावे. बाहेर ढीग कोठे करायचा हेही आधी ठरवावे लागते. जेथे नगरपालिकेचा जेसीबी पोहोचू शकेल आणि ज्यामुळे रुग्णवाहिकेची वाट अडणार नाही, तीच जागा योग्य.

सुरुवात आतल्या खोलीतून करून दाराकडे यावे. घमेली हातोहात देण्यासाठी रांग लावली तर सहा माणसांचे काम दहा माणसांइतके होते. रांगेतील जागा दर अर्ध्या तासाने बदलाव्यात, कारण वाकून खोरे ओढणाऱ्याची कंबर सर्वांत आधी धरते. घमेले काठोकाठ भरू नये. ओला गाळ दिसतो त्याहून फार जड असतो आणि पहिल्या दिवशी दाखवलेला जोर दुसऱ्या दिवशी अंथरुणात काढावा लागतो.

लाकडी कपाटाचे खण फुगून अडकलेले असतात. ते उपटून काढू नयेत. कपाट पुढे ओढून मागची फळी काढली तर आतील वस्तू धक्का न लागता हाती येतात. धान्य, पीठ, उघडी औषधे आणि भिजलेल्या कापसाच्या गाद्या वाचवता येत नाहीत. स्टील, पितळ, ॲल्युमिनियम आणि काच स्वच्छ धुऊन, निर्जंतुक करून वापरता येते. फ्रिज, मिक्सर, पंखा यांना वीज जोडून पाहणे धोक्याचे आहे. ते बाजूला ठेवून कारागिराची वाट पाहावी. जमीन व भिंती धुतल्यानंतर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरतात. ते करताना खिडक्या उघड्या असाव्यात आणि त्यात शौचालय साफ करण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नये, कारण त्या दोहोंतून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: काय टाकायचे हे तुम्ही ठरवायचे नाही. चिखलाने भरलेली, पत्रा वाकलेली एक जुनी ट्रंक मी एकदा ढिगाकडे न्यायला उचलली होती. घरातील आजी पायरीवरून हळूच म्हणाल्या, "बाळा, ती राहू दे. आमच्या ह्यांची आहे ती." तिच्यात ठेवण्यासारखे काहीच उरले नव्हते, तरीही ती धुऊन, पुसून पुन्हा भिंतीशी ठेवली, आणि मग आजींनी घरातील बाकी सामानाविषयी स्वतःहून सांगायला सुरुवात केली. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तू दाराबाहेर नेण्यापूर्वी घरच्या माणसाला दाखवतो. काम सावकाश होते, आणि ते तसेच झाले पाहिजे.

भिजलेले कागद

खोरे ओढण्याइतकी ताकद नसलेल्या स्वयंसेवकासाठी हे काम मोलाचे आहे. रेशनकार्ड, सातबारा, शाळेचे दाखले, बँकेची पासबुके आणि दुकानाच्या उधारीच्या वह्या हा एखाद्या कुटुंबाचा उद्याचा आधार असतो. भिजलेली पाने ओढून सुटी करू नयेत. चिखल अलगद, स्वच्छ पाण्याने उतरवावा, पानांमध्ये कोरा शोषक कागद घालावा, तो ओला झाला की बदलावा आणि उन्हाऐवजी सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. एकमेकांना चिकटलेली कौटुंबिक छायाचित्रे वाळू देण्याआधीच स्वच्छ पाण्यात ठेवून सावकाश सोडवावी लागतात. एकदा वाळली की ती वेगळी होत नाहीत. ढीग मोठा असेल आणि जवळच्या गावात चालू फ्रीझर मिळत असेल तर कागद पिशव्यांत घालून गोठवून ठेवता येतात. त्यामुळे बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येते.

घरच्या माणसांशी बोलताना

"धीर धरा", "सगळे ठीक होईल" ही वाक्ये गावाने तोपर्यंत शंभर वेळा ऐकलेली असतात. त्यापेक्षा "काका, हे कपाट कोठे ठेवू?" किंवा "मावशी, चहा घेतलात का?" हे अधिक जवळचे वाटते. पुराच्या रात्रीची हकिगत आपण विचारू नये. सांगावीशी वाटली की माणसे काम करता करता सांगतात, आणि सांगू लागली की मध्ये बोलू नये. कोणी रडू लागले तर हातातील काम थांबवून शेजारी बसावे, एवढे पुरते. झोप उडालेली, जेवण सुटलेले, कोणाशीच न बोलणारे कोणी दिसले तर ते गावातील आशाताईंच्या (आरोग्यसेविकेच्या) किंवा वैद्यकीय पथकाच्या कानावर घालावे. समुपदेशन हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे.

छायाचित्रांबाबत माझे मत कठोर आहे. दुसऱ्याच्या मोडलेल्या घरात उभे राहून स्वतःचे छायाचित्र काढू नये आणि मदत स्वीकारणाऱ्याचा चेहरा कोठेही प्रसिद्ध करू नये. मुलांच्या बाबतीत तर परवानगी मिळाली तरीही नको.

जेवणाचे आमंत्रण आले तर काय करावे, हा प्रश्न नवख्यांना नेहमी पडतो. ज्यांच्या घरात काही उरलेले नाही त्यांच्याकडे जेवणे संकोचाचे वाटते, पण कोकणी माणसाने पुढे केलेला चहा नाकारला तर त्याचे पाहुणचाराचे शेवटचे समाधानही आपण काढून घेतो. चहा घ्यावा. जेवण असेल तर आपल्या शिदोरीतले त्यात घालून सगळ्यांनी मिळून जेवावे.

उमेद कोठून येते

तिसऱ्या दिवसापासून थकवा येतो. आपण एक घर स्वच्छ केले, मागे हजारो आहेत, असा विचार संध्याकाळी हमखास डोके वर काढतो. त्यावर माझ्या अनुभवातला उपाय असा की काम लहान धरावे आणि ते तडीस न्यावे. आळीतील चार घरांना अर्धवट हात लावण्यापेक्षा एका घराची चूल पेटेपर्यंत तेथेच राहावे. त्या चुलीवरचा पहिला भात शिजताना जे वाटते ते दुसऱ्या कशातूनही मिळत नाही. रोज रात्री वहीत तीन-चार ओळी लिहाव्यात: आज काय झाले, कोणाकडून काय शिकलो, उद्या काय राहिले. दर दिवशी पुरेशी झोप आणि चार-पाच दिवसांनी एक दिवस सुटी घ्यावी. सुटीच्या दिवशी गावाबाहेर जावे.

उमेदीचा दुसरा स्रोत म्हणजे ते गाव याआधी कसे उभे राहिले याची माहिती. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे उदाहरण मला नेहमी आठवते. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी शिरले होते आणि ग्रंथसंपदेचे मोठे नुकसान झाले होते. त्याच संस्थेच्या यजमानपदाखाली जानेवारी २०१३ मध्ये चिपळूणमध्ये ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आत आले. ज्यांनी एकदा भिजलेली पुस्तके बाहेर काढली होती त्यांना ती पुन्हा काढावी लागली, आणि त्यांनी ती काढली. अशा माणसांच्या हाताखाली एक दिवस काम करण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. तसेच गावात कोणाला मागचा पूर आठवतो ते विचारावे. २००५ ची रेघ भिंतीवर दाखवणारे आजोबा आपल्याला पुढचा आठवडा कसा काढायचा तेही सांगतात.

किल्लारीची गोष्ट याहून मोठ्या पल्ल्याची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या रात्री, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळून हजारोंचा मृत्यू झाला. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. काही नव्या वसाहती शहरासारख्या आखल्या गेल्या. रुंद रस्ते आणि सुटी घरे आली, पण गोठा, अंगण, ओसरी आणि शेजाराची जुनी मांडणी हरवली, आणि लोकांनी पुढे पत्र्याच्या खोल्या जोडून ती आपल्या परीने परत आणली. राहणाऱ्याला न विचारता दिलेले घर चांगले असूनही परके राहू शकते, हे तेथे दिसले. नुकसान झालेल्या इतर गावांत घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाचे काम झाले तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावातील महिला 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. लोखंडी सळ्या, सिमेंट, अनुदानाचे हप्ते यांची माहिती घरोघरी पोहोचवून त्यांनी बांधकामावर लक्ष ठेवले. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाल्यावर लातूर भागातील अशाच महिला तेथील स्त्रियांना भेटायला गेल्या. स्वतःचे घर पडलेले पाहिलेल्या बाईने दुसऱ्या अशा बाईजवळ बसून भिंत कशी बांधायची ते सांगणे, यात जे बळ आहे ते बाहेरून आलेल्या माझ्यासारख्याच्या बोलण्यात कधीच येणार नाही. म्हणूनच नव्या स्वयंसेवकाने गावातील अशी माणसे लवकर ओळखावीत आणि त्यांच्या कामात हातभार लावावा. भूकंपानंतर मदतीसाठी गेलेल्या पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी या संस्थेचे त्याच भागातील हराळी येथील शैक्षणिक काम आजही चालू आहे. मदतीसाठी जाण्याचा अर्थ तेथे मुक्कामापर्यंत जाऊन पोहोचला.

परत निघताना आणि त्यानंतर

निघण्याच्या आदल्या दिवशी अपुरे काम, उसनी घेतलेली अवजारे आणि कोणाला दिलेला शब्द यांची यादी करून ती स्थानिक प्रमुखाच्या हाती द्यावी. "पुन्हा येतो" असे येणार असू तरच म्हणावे, विशेषतः मुलांना.

बाहेरची गर्दी साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरते आणि खरी अडचण त्यानंतर सुरू होते: अर्जातील त्रुटी, अडकलेले अनुदान, बुडालेल्या मालाचे हप्ते, शाळेची भिजलेली पुस्तके, बंद पडलेली शिलाई यंत्रे. अर्ज भरून देणे, हिशेबाची वही पुन्हा लिहून काढणे, दुकानासाठी घाऊक व्यापाऱ्याशी बोलणे ही कामे दूर बसूनही होतात. २०२१ मध्ये पुरानंतर बरोबर पन्नास दिवसांनी, १० सप्टेंबरला, गणेश चतुर्थी होती. कोकणातल्या घरात त्या दिवसापर्यंत निदान माजघर धुतलेले आणि भिंतीला रंग लागलेला असावा अशी प्रत्येकाची धडपड असते. दुसरी खेप कधी करावी असे कोणी विचारले तर मी गणपतीच्या आदला आठवडा सुचवतो. त्या वेळी रंगाचा ब्रश, गणपतीवर टांगायची माटवी बांधायला दोन हात आणि अंगणातला उरलेला गाळ उचलायला एक घमेले लागते.

त्यानंतरचा फोन पुढील वर्षीच्या जून महिन्यात करावा. पहिला जोराचा पाऊस लागला की त्या घरात रात्री कोणाला झोप येत नाही. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवली का, धान्याचे पिंप वर चढवले का, शेजारच्या आजींना कोण नेणार हे ठरले का, एवढे विचारावे आणि त्या रात्री आपला फोन चालू ठेवावा.